पीएस ४ चालतोय, मग पीएस ५ घ्यायचा का?

प्रश्न: दादा, माझ्याकडं २०१८ चा पीएस ४ (प्लेस्टेशन) स्लिम आहे, ५०० जीबीचा. वीसेक सीडी आहेत. आम्ही दोघं भाऊ खेळतो. मी फुटबॉल आणि क्रिकेट, धाकटा अकरावीला आहे, तो जास्त करून जीटीए. टीव्ही ३२ इंची, साधा एचडी रेडी. हल्ली पंखा फार घरघरतो आणि गेम उघडायला वेळ लागतो. नवी पेठेतले एक दुकानदार जुना घेऊन पीएस ५ हप्त्यावर द्यायला तयार आहेत. दुबईचा मावसभाऊ म्हणतो मी घेऊन येतो, तिकडं स्वस्त पडतो. मित्र म्हणतात आता पीएस ६ येईल, थांब. काय करावं? (जुळे सोलापूर)

उत्तर:

तुमच्या घरी पीएस ५ ची आज गरज दिसत नाही. जुन्याची सर्व्हिसिंग करा, बाहेरून एक एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) लावा आणि वापरत राहा. नवीन घ्यायची वेळ ज्या गेममुळं येईल, त्याच्या आसपासच घ्या. घ्याल तेव्हा सीडी लागणारं मॉडेल घ्या. भाव उतरेल म्हणून किंवा पीएस ६ साठी म्हणून मात्र थांबू नका. हा झाला सारांश. पण असा सल्ला तोडून दिला की लोक दुकानातून बाहेर पडतात आणि शेजारच्या दुकानात जाऊन हप्ता बांधतात, म्हणून कारणं नीट सांगतो.

आधी आवाजाचं बघू, कारण माझ्या अंदाजानं तुमच्या मनात अपग्रेडचा विचार तिथूनच आलाय. २०१८ पासून मशीन उघडलेलं नसेल तर आतल्या पंख्यावर आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर काढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींत धुळीचा नमदा बसलेला असणार. आपल्याकडं तो भागागणिक वेगळा निघतो. पूर्व भागातून, अशोक चौकाकडून आलेलं मशीन उघडलं तर आत सुताचा बारीक तंतू असतो. घराला लागून यंत्रमाग चालू असले की पंखा तो तंतू दिवसभर ओढत राहतो आणि हीटसिंकवर अक्षरशः कापूस साचतो. तुमच्या जुळे सोलापुरात तंतू नाही, पण बांधकामाची धूळ आहे. ती कोरडी, बारीक असते आणि वाळलेल्या थर्मल पेस्टबरोबर (चिपची उष्णता हीटसिंककडं नेणारा लेप) मिळून मशीन तापवते. तापलं की पंखा जोरात फिरतो, त्याचीच ती घरघर. पंखा साफ केला, पेस्ट बदलली की बहुतेक स्लिम पुन्हा शांत होतात. हे काम काही शेकड्यांत होतं.

सोनीच्या माहितीपत्रकात या मशीनसाठी ५ ते ३५ अंश तापमान दिलेलं आहे. आता आपला मे महिना आठवा. बाहेर पारा ४२-४३ च्या पुढं, वर स्लॅब तापलेला, रात्री दहा वाजतासुद्धा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३५ च्या खाली येत नाही. त्यात मशीन टीव्हीच्या काचेच्या कपाटात बंद! पीएस ५ घेतलात तरी ही अडचण तुमच्याबरोबर येणारच आहे, उलट वाढून येईल. जड गेम चालू असताना पीएस ५ साधारण २०० वॉटपर्यंत वीज खातो, तुमचा स्लिम त्याच्या निम्म्यात भागवतो. ती सगळी वीज शेवटी त्याच खोलीत उष्णता होऊन बाहेर पडते. बिलाचं फार मनावर घेऊ नका. रोज दोन तास खेळलात तरी महिन्याला बाराएक युनिट होतात. जागा मात्र आधी बघा. पहिला पीएस ५ जवळपास ३९ सेंटीमीटर उंच आणि साडेचार किलोचा होता. आताचा बारीक झालाय, तरी ३६ सेंटीमीटरच्या आसपास आहेच. कपाटात तो बसत नाही आणि बसवूही नये.

आता गेम उघडायला लागणारा वेळ. हे खरंच जुनेपण आहे. पीएस ४ मध्ये लॅपटॉपमधली असते तसली फिरती हार्ड डिस्क आहे. पीएस ५ मध्ये ती जागा एसएसडीनं घेतली आणि या पिढीतला सगळ्यात मोठा फरक तोच आहे. चित्राचा नंबर त्याच्या नंतर लागतो. पण यातला बराचसा फायदा तुम्हाला पीएस ४ वरही मिळवता येतो. पीएस ४ ला समोरच्या यूएसबीत बाहेरची डिस्क जोडता येते, फक्त ती किमान २५० जीबीची हवी. तिथं एसएसडी लावून गेम तिच्यावर हलवा. पीएस ५ इतका वेग येत नाही, पण रोज खेळणाऱ्याला फरक लगेच जाणवतो. मी आतली हार्ड डिस्क बदलण्याऐवजी बाहेरची सुचवतो त्याला कारण आहे. उद्या पीएस ५ घेतलात की तीच डिस्क काढून त्याला लावायची, त्यावरचे पीएस ४ चे गेम तो ओळखतो आणि थेट तिथूनच चालवतो. म्हणजे हा खर्च वाया जात नाही. पीएस ५ चे स्वतःचे गेम मात्र बाहेरच्या यूएसबीवर फक्त ठेवता येतात. खेळायचे असतील तर आत आणावे लागतात. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळं एसएसडीचे भाव चढलेत, तेव्हा एक टीबीचा हट्ट धरू नका. तुमच्या तीन-चार गेमना ५०० जीबी पुरे.

मग पीएस ५ लागतो कधी? माझ्याकडं कोणी आलं की मी आधी विचारतो, तुम्ही नेमके कोणते गेम खेळता? नावं सांगा. तुमचा फुटबॉलचा गेम पीएस ४ वर अजून निघतो, एफसी २६ सुद्धा निघाला. क्रिकेट २४ पीएस ४ वर आहे. पण एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. एफसीमध्ये वेगवेगळ्या मशीनवरचे लोक एकमेकांशी ऑनलाइन खेळू शकतात, ते आपापल्या पिढीपुरतंच. पीएस ४ वाला एक्सबॉक्स वनवाल्याशी खेळतो. पीएस ५ वाला नव्या एक्सबॉक्सवाल्याशी आणि पीसीवाल्याशी. पीएस ४ आणि पीएस ५ एका मैदानात येत नाहीत. शिवाय पीएस ४ वरची आवृत्ती जुन्या साच्यातली असते, खेळाडूंच्या हालचालींचं नवं तंत्र तिच्यात नसतं. तुमची रात्रीची मॅच ज्या मित्रांशी असते ते सगळे पीएस ५ वर गेले असतील तर माझं उत्तर आजच बदलतं. तेव्हा हे आधी विचारून घ्या. घरात दोघं भाऊच समोरासमोर खेळत असाल तर काही बिघडत नाही.

धाकट्याचं प्रकरण वेगळं आहे. जीटीए ५ त्याच्याकडं आहे, त्याला ६ हवा असणार, आणि तो पीएस ४ वर येणार नाही. फक्त पीएस ५ आणि एक्सबॉक्सच्या चालू पिढीसाठी जाहीर झालाय. आधी २०२५ सांगितलं होतं, मग २६ मे २०२६ झालं, मग १९ नोव्हेंबर २०२६. तारीख दोनदा सरकलेल्या गेमसाठी आज हप्ता सुरू करायचा आणि तोवर पीएस ५ वर जीटीए ५ च खेळत बसायचं, हे मला पटत नाही. गेम दुकानात येऊ दे, मग मशीन घ्या. अशा गेमच्या वेळी मशीन आणि गेम मिळून ऑफर निघतात, असा एरवीचा अनुभव आहे. घाईच असेल तर फार तर आठ-पंधरा दिवस आधी.

बाकी पीएस ४ वर न येणारे गेम आता बरेच झालेत. स्पायडर-मॅन २ त्यातलाच. सुरुवातीची दोन वर्षं मोठे गेमसुद्धा दोन्हीकडं यायचे, २०२२ चा गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक आणि ग्रॅन टुरिस्मो ७ दोन्ही पीएस ४ वर आहेत. ते दिवस सरले. सोनीनं पीएस प्लसच्या (पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व) महिन्याच्या गेममध्येही जानेवारी २०२६ पासून पीएस ४ वरचा भर काढून घेतला. म्हणजे पीएस ४ चं दार हळूहळू बंद होतंय हे खरं आहे, पण तुमच्याकडच्या वीस सीडींना त्याची काही बाधा नाही.

भाव उतरण्याचं बोलू. जुना नियम असा होता की मशीन आलं की काही वर्षं कळ काढायची, अर्ध्या किमतीत मिळतं. पीएस २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ ला विकला जात होता. आपल्याकडं त्याच काळात घराघरात तो शिरला. पीएस ५ नं हा नियम उलटा केला. भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला तो आला तेव्हा सीडीवाला ४९,९९० आणि बिनसीडीचा ३९,९९० होता. २०२२ च्या नोव्हेंबरात दोन्ही पाच-पाच हजारांनी चढले. अमेरिकेतही ४९९ डॉलरचा ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ झाला. वर मेमरीच्या भावाचं सांगितलंच. त्यामुळं ‘थांबलं की स्वस्त होतं’ हे सध्या धरून चालू नका. सणासुदीच्या सेलमध्ये काही हजार सुटतात, तेवढीच सूट खरी. दिवाळीचा मुहूर्त साधता आला तर बघा.

पीएस ६ च्या अफवांवर मी एकच हिशेब सांगतो. पीएस ३ २००६ ला आला, पीएस ४ २०१३ ला, पीएस ५ २०२० ला. सात-सात वर्षं. पुढचं मशीन बनतंय हे सोनी आणि तिच्यासाठी चिप बनवणारी एएमडी यांनी २०२५ मध्ये बोलून दाखवलं, पण नाव, तारीख, किंमत काही नाही. आणि आलं तरी काय होतं ते पीएस ४ च्या बाबतीत दिसलं आहेच. नवं आल्यावर पाच वर्षांनीसुद्धा फुटबॉलचा गेम जुन्यावर निघतोय. पीएस ५ ही तसाच चालेल. पीएस ५ घ्यायची गरज असताना पीएस ६ साठी थांबणारा माणूस मधली काही वर्षं काहीच न खेळता काढतो, एवढंच.

टीव्हीचं लोक चुकीचं सांगतात. ‘फोर के टीव्ही नसेल तर पीएस ५ घेऊन उपयोग नाही’ हे अर्धंच खरं. तुमच्या एचडी रेडी टीव्हीवर फोर के दिसणार नाही, सेकंदाला १२० चित्रंही दिसणार नाहीत. पण पीएस ४ वर जे गेम सेकंदाला ३० चित्रांवर चालतात, त्यातले बरेच पीएस ५ वर ६० वर चालतात, आणि तो गुळगुळीतपणा ३२ इंचावरही दिसतो. लोडिंगचा वेग तर टीव्हीवर अवलंबूनच नाही. तरीही तुमच्या जागी मी असतो तर पैसे हातात आल्यावर आधी ४३ इंची बरा टीव्ही घेतला असता, कारण तो घरात सगळे बघतात, आई-वडिलांच्या मालिकाही त्यावरच. घेताना त्यात गेम मोड आहे का ते बघा. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर त्यानं कमी होतो. तुमच्या आत्ताच्या टीव्हीतही असेल, सेटिंगमध्ये शोधून आजच चालू करा.

खर्चाची खरी बेरीज करून ठेवा. सीडीवाला पीएस ५ २०२२ च्या वाढीनंतरचा छापील ५४,९९० धरू, घ्यायच्या दिवशीचा भाव बघालच. तुम्ही दोघं आहात, म्हणजे दुसरा कंट्रोलर लागणार, तो सहा हजारांच्या आसपास. पीएस ४ चा कंट्रोलर पीएस ५ ला जोडता येतो, पण त्यावर पीएस ४ चेच गेम खेळता येतात, पीएस ५ चे नाहीत. वर एक नवा गेम, सोनीचे मोठे गेम ४,९९९ पासून. झाले ६६ हजार, आणि टीव्ही अजून जुनाच. दुकानदार हप्ता फक्त मशीनचा सांगतो.

सीडीवालाच का, तेही सांगतो. बिनसीडीचा काही हजारांनी स्वस्त दिसतो, पण तुमच्या वीस सीडी त्यात घालायच्या कुठं? पीएस ५ पीएस ४ चे जवळपास सगळे गेम चालवतो, फक्त सीडीवरचा गेम असेल तर सीडी आत हवी. काही गेमची पीएस ५ आवृत्ती फुकट मिळते, काहींची थोडे पैसे भरून. तेव्हासुद्धा दरवेळी तीच सीडी आत असावी लागते. शिवाय आपल्या शहरात सीडीची अदलाबदल चालते, खेळून झालेला गेम विकून दुसरा घेता येतो. दोन-तीन गेममध्ये ते पैसे वसूल होतात. डाऊनलोडचं गणितही करा. १०० जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या लाइनवर पूर्ण वेग मिळाला तरी साडेचार तास घेतो, आणि मधे वीज गेली की बसा. पीएस ५ च्या आताच्या बारीक मॉडेलला सीडीचा ड्राइव्ह नंतरही बसवता येतो, एकदा इंटरनेटवरून तो जोडून घ्यावा लागतो. पण जे लागणारच आहे ते आधीच घेतलेलं बरं.

दुबईचा मावसभाऊ. वीजपुरवठ्याची भीती नको, पीएस ५ चा पुरवठा २२०-२३० वर बिनधास्त चालतो, फक्त वायरची पिन बदलायची. सीडीसुद्धा कुठल्याही देशाची चालते, मात्र त्या गेमचे ऑनलाइन घेतलेले जादा भाग सीडीच्या देशाच्या खात्यावरच लागतात. अडतं ते वॉरंटीवर. इथं घेतलेल्याला एक वर्ष कंपनीची वॉरंटी, तिकडून आणलेल्याला इथं ती मिळत नाही. आणि पीएस ५ हे गल्लीत दुरुस्त करायचं मशीन नव्हे. त्याच्या मुख्य चिपवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू लावलेला असतो. अनोळखी हातानं उघडला आणि तो थेंब बोर्डावर सांडला की शॉर्ट होऊन बोर्ड जातो. सीडीचा ड्राइव्हही त्या-त्या मशीनशी बांधलेला असतो, दुसऱ्याचा काढून लावला तर चालत नाही. दहा हजार वाचत असतील तर विचार करा, चार-पाच हजारांसाठी मी आणणार नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात बाहेर निघालेला पीएस ५ प्रो तेव्हा भारतात आला नाही, कारण त्यातल्या वायफायला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याची आपल्याकडं तेव्हा परवानगी नव्हती. मावसभाऊ तो प्रो आणतो म्हणाला तर तुमच्या टीव्हीवर त्याचा काही उपयोग नाही.

एक्सबॉक्स सीरिज एस स्वस्त आहे, पण त्यात सीडी घालायची सोयच नाही आणि तुमची सगळी खरेदी प्लेस्टेशनच्या खात्यावर. तुमच्यासाठी नाही. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही, सोडून द्या. धाकटा बारावीनंतर इंजिनिअरिंगला जाणार असेल तर मात्र एक हिशेब घरात बसून करा. त्याला दीड-दोन वर्षांत लॅपटॉप लागेलच. ग्राफिक कार्डाचा घेतला तर गेमचं बरंचसं त्यातच भागेल.

दुकानदारांनी जुन्याचे किती लावलेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. मी असलो तर देणार नाही. घरघरणाऱ्या मशीनचे ते तसेही कमीच लावणार, आणि पीएस ५ आला तरी एक पीएस ४ घरात राहिला तर दोघांचं भांडण मिटतं. द्यायचाच असेल तर आधी साफ करून घ्या, पंखा शांत असताना दाखवा आणि ‘एक्सचेंजमध्ये इतके’ या आकड्याऐवजी रोख किती असं विचारा. काही ठिकाणी एक्सचेंजचा आकडा मोठा करून नव्याच्या किमतीत तो भरून काढलेला असतो.

मशीन जुनं असो की नवं, आपल्याकडं सगळ्यात जास्त मरतं ते एचडीएमआयचं पोर्ट आणि त्याच्या मागची आयसी (छोटी चिप). वळवाच्या पावसात वीज कडाडते, केबलच्या किंवा डिशच्या वायरीतून झटका टीव्हीत येतो आणि टीव्हीतून एचडीएमआयच्या वायरीनं कन्सोलमध्ये. लोक प्लग काढतात, एचडीएमआय तशीच लावलेली असते. दोन्ही काढा, इंटरनेटची वायर असेल तर तीसुद्धा. घरातलं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या, बऱ्याच जुन्या घरांत तिसऱ्या पिनेमागं काहीच जोडलेलं नसतं. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर साइन वेव्हचाच हवा. मशीन झोपेच्या मोडवर ठेवायची सवय मोडा. वीज गेली की पीएस ४ पुढच्या वेळी डिस्क तपासत बसतो आणि हे वारंवार झालं की हार्ड डिस्क जाते.

सर्व्हिसिंगला द्यायच्या आधी सेव्ह केलेले गेम पेनड्राइव्हवर काढून घ्या, पीएस ४ मध्ये ती सोय आहे. पीएस ५ च्या गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर निघत नाहीत. तिथं पीएस प्लस घेऊन क्लाउडवर ठेवावे लागतात. तो वर्षाचा खर्चही वरच्या ६६ हजारांत धरलेला नाही.